बाणामागची पाटी

मी आयुष्यभर काय काम केलं, हे माझ्या सख्ख्या भावालाही नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं की तो म्हणतो, "विनायक कॉम्प्युटरमध्ये होता." जणू मी आत जाऊन बसलो होतो. बारामतीत आमच्या गल्लीत तर याहून सोपी समजूत आहे. वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की ती माझ्याकडे आणायची. परवा शेजारच्या वहिनी मिक्सर घेऊन आल्या. म्हटलं, "वहिनी, मी प्रोग्राम लिहायचो, मिक्सर नाही." त्या म्हणाल्या, "असू द्या हो, तुमचा नुसता हात लागू द्या." प्लग सैल होता, तो दाबला, मिक्सर सुरू झाला. आता गल्लीत माझी पत वाढली आणि माझं खरं काम आणखीच झाकलं गेलं.

म्हणून ते एकदाचं लिहून टाकतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या लहानसहान धंद्यांसाठी मी प्रोग्राम लिहायचो. इंटरनेटवरचे नव्हेत. ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसवायचे आणि तिथंच चालायचे असे. दवाखाने, रोपवाटिका, मंगल कार्यालयं आणि एक वधू-वर सूचक केंद्र. या सगळ्या वर्षांत माझं डोकं सर्वांत जास्त कुणी खाल्लं असेल, तर ते टॅबनी.

ज्यांनी कधी कॉम्प्युटर हाताळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड वहीच्या कडेला आपण विषयांच्या चिठ्ठ्या चिकटवतो ना, तशा चिठ्ठ्या स्क्रीनच्या वरच्या कडेला एका ओळीत असतात. त्यांना टॅब म्हणायचं. एक टॅब म्हणजे एक उघडलेलं पान. त्यावर टिचकी मारली की ते पान पुढं येतं. माउसनं धरून ओढलं की टॅबची जागा बदलते. उजव्या कोपऱ्यात एक बारीक फुली असते, ती दाबली की पान मिटतं आणि टॅब जातो. टॅब फार झाले की ते अंग चोरून बारीक होतात, आणि तरी मावले नाहीत तर उरलेले उजव्या टोकाच्या एका छोट्या बाणाच्या मागं जातात. बाण दाबला तरच दिसतात. संपलं. पुस्तकात याला अर्धं पान पुरतं. मला अख्खी कामाची वर्षं पुरली नाहीत.

पहिला धडा मिळाला वडगाव निंबाळकरच्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे. जनावरांना कुठं नावं असतात, असं मी शहाण्यासारखं धरून चाललो आणि टॅबवर मालकाचं नाव अन् पुढं तक्रार येईल अशी सोय केली. आठवड्याभरात डॉक्टरांचा फोन, "असाल तसे या." गेलो तर बापूराव नावाचे एक भारदस्त गृहस्थ स्क्रीनसमोर कमरेवर हात ठेवून उभे. त्यांची तीन जनावरं आजारी होती. स्क्रीनवर ओळीनं लिहिलेलं: 'बापूराव, रवंथ करत नाही.' 'बापूराव, लाथ मारते.' 'बापूराव, माजावर येत नाही.' पहिल्या दोन त्यांनी हसण्यावारी नेल्या. तिसरीवर मात्र ते जे लाल झाले ते मी बारामतीला पोचेपर्यंत लालच असणार. बाकावर बसलेल्या बाकीच्या शेतकऱ्यांनी तोंडाला टॉवेल लावले होते.

त्या दिवशी एक गोष्ट मला पक्की कळली. टॅबवर माणसाचं नाव आलं की तो टॅब राहत नाही, ते माणूस होतं. कळली खरी, पण वेळेवर आठवली नाही, आणि त्याचीच ही हकिकत.

शकूमावशींचं वधू-वर सूचक केंद्र अंथुर्ण्यात, रस्त्याला लागून, त्यांच्याच पिठाच्या गिरणीच्या पुढच्या खोलीत. मागं दळण, पुढं लग्नं. दळण घेऊन येणाऱ्या बायकांकडून कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे ते आपोआप कळायचं, त्यातूनच हा उद्योग उभा राहिला. कीबोर्डमध्ये कायम पीठ. दर खेपेला मी तो उलटा करून झटकायचो, तर एक भाकरी होईल एवढं निघायचं. मावशींचा मुलगा धनंजय, त्याला सगळे धनू म्हणायचे. तो शेती बघायचा, गिरणी चालवायचा आणि मी गेलो की चहा आणायचा. चहा तो स्वतः करायचा, आलं ठेचून, दूध निराळं तापवून. अंथुर्ण्याच्या माझ्या निम्म्या खेपा कामासाठी होत्या आणि निम्म्या त्या चहासाठी, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ही हकिकत घडली त्याच्या आठ वर्षं आधी मी त्यांना प्रोग्राम बसवून दिला. पहिल्या मुलीची नोंद केली, तिच्या नावाचा टॅब वर उमटला. मावशी खूश. "ही तर दारावरची पाटीच झाली की!" म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून टॅबला त्या पाटीच म्हणू लागल्या. मग मी शिकवायला गेलो, "काम झालं की ही फुली दाबायची." त्यांनी माझं मनगटच धरलं.

"जित्याजागत्या पोरीच्या नावावर फुली मारायला लावता व्हय?"

"मावशी, नोंद पुसत नाही. आतच राहते."

"आत कुठं?"

"डिस्कमध्ये."

"मला दिसंल?"

"परत उघडलं की दिसेल."

"म्हंजी आत्ता दिसायची न्हाय. आई-बापानं पोरगी माझ्यावर सोपवायची आन् मी फुली मारून तिला अंधारात ढकलायची. न्हाय जमायचं, विनायकराव. लगीन ठरलं की मीच मारीन, माझ्या हातानं."

आणि खरोखर तसंच झालं. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी केंद्रात जमायची. मावशी स्क्रीनला हळद-कुंकू लावायच्या, मग मुलाच्या पाटीची फुली, मग मुलीच्या पाटीची फुली. दोन्ही पाट्या गेल्या की टाळ्या, पेढे, आणि धनूचा चहा. स्क्रीनचा वरचा कोपरा कायमचा पिवळा पडला होता. एकदा मी तो ओल्या फडक्यानं पुसला, तर मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यात मी एक भलेपणा करून ठेवला. अंथुर्ण्यात लाईट जायची, कॉम्प्युटर बंद पडायचा आणि उघडलेल्या पाट्या नाहीशा व्हायच्या. मावशी कासावीस. मी प्रोग्रामला शिकवलं की परत सुरू झालास की सगळ्या पाट्या जिथल्या तिथं मांडायच्या. म्हणजे आता कुठलीही पाटी लग्नाशिवाय जायला मार्गच उरला नाही. आणि लग्नं तर ठरेनात! आमच्या भागातली आजची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. मुलींना पुण्यातला नोकरीवाला पाहिजे. बागायती ऊसवाला पोरगा पस्तिशी ओलांडतो तरी घरात त्याची आईच भाकरी थापत असते. वाढता वाढता मावशींच्या स्क्रीनवर दोनशे त्रेसष्ट पाट्या झाल्या. त्यात मुली कशाबशा चाळीस.

मावशींची जुळवायची पद्धत अशी होती की मुलाची पाटी ओढून मुलीच्या पाटीशेजारी ठेवायची. त्याला त्या 'शेजार लावणं' म्हणत. शेजार लागला की दोन्ही घरी फोन करायचा, आणि मग आठ दिवस त्या पाटीला हात लावायचा नाही. विचार करायला वेळ द्यायचा. नकार आला की नवव्या दिवशी पाटी परत जुन्या जागी. बघता बघता ही पद्धत दोन तालुक्यांत पसरली आणि मुलांचे बाप बाजाराच्या दिवशी वाट वाकडी करून आपली पाटी कुठं आहे ते बघायला यायला लागले. सगळ्यांत चिवट होते सोमेश्वरनगरचे तात्या. पांढरी टोपी, सहा फूट उंची, आणि पृथ्वीराज नावाचा चौतीस वर्षांचा अविवाहित मुलगा.

तात्या पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी चष्मा लावला आणि स्क्रीनला नाक टेकवलं.

"ही आमच्या पृथ्वीराजची?"

"व्हय," मावशी म्हणाल्या.

"आन् पोरी कुठनं सुरू होत्यात?"

मावशींनी डावीकडं बोट दाखवलं. तात्यांनी काचेवर बोटं आडवी टेकवत, एकेक मोजत, डावीकडं प्रवास केला.

"चौदा बोटं! शकूबाई, चौदा बोटं लांब हाय आमचा. एवढ्या लांबनं पोरीला त्यो दिसायचा कसा?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, स्क्रीनवरच्या अंतराचा लग्नाशी काही संबंध नाही."

तात्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचं लगीन झालंय. तुमाला काय!"

पाट्या नीट दिसाव्यात म्हणून मी मावशींना मोठा स्क्रीन आणून लावला. पुढच्या बाजारी तात्या आले, त्यांनी मोजलं, अंतर भरलं एकोणीस बोटं. "आरं तिच्या! जवळ आणायचं सोडून ह्यांनी अंतर वाढवलं की!" बाकीच्या बापांनीही आपापली बोटं लावली आणि गिरणीत असा काही गलका झाला की दळणाच्या बायका डबे सोडून बघायला आल्या. आठवड्यात मी मोठा स्क्रीन काढला आणि जुना परत लावला. वीस मिनिटांचं काम होतं, पण इतकं अपमानास्पद काम मी दुसरं केलेलं नाही.

अखेर तात्यांच्या चिकाटीला यश आलं आणि पृथ्वीराजचा शेजार लागला, वडगाव निंबाळकरच्या रेश्माशी. ही रेश्मा म्हणजे मावशींच्या केंद्रातलं अवघड गणित. वय एकतीस, स्वतःचा अकरा गाईंचा गोठा, स्वतः उभा केलेला. तिच्या पानावर 'अपेक्षा' या रकान्यात दोनच ओळी होत्या. एक, गाई सोबत येतील. दोन, पहाटे मी गोठ्यात असते, त्यामुळं सकाळचा चहा नवऱ्यानं करावा. पहिल्या ओळीवर पुण्याचे नोकरीवाले गळाले. एका मुलाच्या आईनं मावशींना खरोखर फोन करून विचारलं होतं की गाई लिफ्टमध्ये मावतील का. दुसऱ्या ओळीवर शेतकरी गळाले. तात्यांचं तर फोनवरच बिनसलं. "गाई आणू दे, हत्ती आणू दे," ते म्हणाले, "पन आमच्या घराण्यात गड्यानं कधी चहा केला न्हाय." आणि फोन ठेवला. नवव्या दिवशी पृथ्वीराज परत चौदा बोटांवर.

आता माझी चूक. दोनशे त्रेसष्ट पाट्या उघडत उघडत कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मागं गिरणीत एका घराचं दळण होऊन जायचं. मावशींची कुरकुर नव्हती, पण मला लाज वाटायची. मी घरी बसून एका दुपारात उपाय केला. नव्या आवृत्तीत पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना पाट्या आपोआप अकारविल्हे लागतील आणि फक्त पहिल्या काही उघड्या राहतील, बाकीच्या बाणामागं. कॉम्प्युटर झटक्यात सुरू. माझ्यासारखा हुशार मीच, अशा थाटात मी ती आवृत्ती बसवली आणि चहा पिऊन बारामतीला परतलो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन आला. मावशी रडत होत्या. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं.

"विनायकराव, माझी मांडणी मोडली वो."

मोटारसायकल काढली आणि सुटलो. तिथं जे बघितलं ते सांगतो. अकारविल्हे लावल्यामुळं लासुर्ण्याची अनिता आणि लासुर्ण्याचाच अनिकेत शेजारी आले होते. दोघं सख्खी चुलत भावंडं. सकाळी दळणाला आलेल्या त्यांच्या आत्यानं ते बघितलं, आणि मावशी भावाबहिणींची लग्नं लावायला निघाल्या अशी बातमी लासुर्ण्यापर्यंत पोचली होती. अनिताचे वडील बाकावर घाम पुसत बसलेले. तात्याही हजर, कारण 'प' बाणाच्या मागं गेला होता आणि पृथ्वीराज दिसतच नव्हता. "आमचा पोरगा कुठं घातला?" एवढा एकच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "चौदा बोटं तर चौदा बोटं, पन दिसत तर हुता!"

मावशींना वाचता यायचं, पण त्या नावं वाचत नव्हत्या. आठ वर्षं त्यांनी माणसं जागेवरून ओळखली होती. खिडकीच्या बाजूनं चौथी, पिवळ्या डागाखालची, बाणाच्या अलीकडची. मी एका दुपारात त्यांच्या ओळखीतली दोनशे माणसं उठवून भलत्याच जागी बसवली होती.

जुना क्रम परत आणू म्हटलं, तर तो ज्या फाइलमध्ये होता तिच्यावर नव्या आवृत्तीनं नवा क्रम लिहून टाकलेला. बदल करण्याआधी जुन्याची नक्कल ठेवायची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य. मी नव्या पोरांना ते शिकवायचो, आणि त्या दिवशी मीच ते पाळलं नव्हतं. मी मावशींना खरं ते सांगितलं. म्हटलं, "गेलं, मावशी. माझ्या हातनं गेलं."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, पीठ लागून गाल पांढरे झाले. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मी सांगती. तुमी मांडा."

आणि त्यांनी सांगितलं! पहिल्या पाटीपासून, एकापाठोपाठ एक, डोळे मिटून. "डावीकडनं पयली बोरीची संगीता. तिला लागून बावड्याचा त्यो डाळिंबवाला. मग कळंबची शिक्षिका. तिच्या शेजारी पोरगा न्हाय, तिचा बाप वारलाय, वरीस होऊ दे..." अकारविल्हेची सोय बंद करून मी माउसनं पाट्या ओढत होतो, पिठानं माउस अडकत होता, तात्या आणि अनिताचे वडील मागं उभे राहून माना पुढं काढून बघत होते. पृथ्वीराज जागेवर आला तेव्हा तात्यांनी मोजून खात्री केली आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेले. दुपारी अडीचला मावशींनी डोळे उघडले. "झालं," म्हणाल्या.

मी मोजलं. दोनशे बासष्ट.

"मावशी, एक राहिली."

"ऱ्हाऊ द्या. ती बाणाच्या मागं असती, पार शेवटाला."

उरलेली पाटी मी उघडली. नोंद क्रमांक दोन. म्हणजे पहिल्याच दिवसाची, मी शिकवून बारामतीला परतल्यावर केलेली. धनंजय, वय आता छत्तीस. शेती आणि गिरणी. स्वभाव: शांत. फोटोतला धनू कॅमेऱ्याकडे न बघता दुसरीकडंच कुठंतरी बघत होता.

"याचा शेजार कधी लावला होता?"

"न्हाय."

"आठ वर्षांत एकदाही?"

"आवो, पंगतीत वाढणारीनं पोटच्या पोराला आदी वाढलं तर लोकांनी काय म्हणावं? दोनशे बापांनी इस्वासानं पोरं माझ्या हाती दिल्यात. त्यांची बसून ऱ्हायल्यात आन् मी माझं घोडं पुढं दामटू? एकदा का लोक म्हणाले, शकूबाई चांगली पोरगी घरात ठेवती, की माझ्या शब्दाला काय ऱ्हायलं?"

"आणि धनू काय म्हणतो?"

"त्यो कुठं काय म्हणतो!"

तेवढ्यात धनू चहा घेऊन आला. कपबशी टेबलावर ठेवली, आईचे गाल बघितले, खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातात दिला आणि मागं गेला. मी घोट घेतला. आल्याचा वास नाकात गेला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला, सकाळचा चहा नवऱ्यानं करावा! दोन पाट्या, एकाच खोलीत, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. आणि मी, तंत्रज्ञ, चहा पीत मधे बसलेलो.

मागं गिरणीचा पट्टा सुटला, मावशी धनूला हात द्यायला धावल्या. मी माउस धरला. धनूची पाटी ओढायला घेतली. पहिल्यांदा ती मधेच सुटली आणि नेमकी पृथ्वीराजला जाऊन चिकटली. दुसऱ्यांदा माउसमध्ये पीठ अडकलं. तिसऱ्यांदा पोचली, रेश्माच्या शेजारी. मी खुर्चीवरून उठलो, हातावरचं पीठ झटकलं आणि चोरासारखा पळालो.

तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला.

"विनायकराव, आमच्या धनूची पाटी रेश्मीच्या शेजारी कशी गेली?"

"अपडेट, मावशी," मी म्हणालो. जन्मात एवढं सफाईनं खोटं बोललो नव्हतो. "नवीन आवृत्तीत कधी कधी होतं तसं. मागं घ्या."

पलीकडं गिरणी बंद केल्याचा आवाज आला.

"शेजार लागलाय, तर आठ दिस हालवता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "नेम म्हंजी नेम. दोन्ही घरी फोन करावा लागंल. एक घर तर हितंच हाय."

रेश्मा स्वतः मोटारसायकलवर आली म्हणे. पोह्यांना हात लावला नाही, आधी गोठ्याची जागा पावलांनी मोजली, पाणी कुठून येतं ते विचारलं. मग धनूनं चहा आणला. तिनं एक कप प्यायला, कप पुढं केला आणि म्हणाली, "अजून हाय का?" धनू त्या दिवशी एकूण चार शब्द बोलला, आणि मावशी सांगतात, त्यातले दोन 'साखर बघू?' हे होते.

फुली मारायच्या दिवशी मला आग्रहाचं बोलावणं होतं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रेश्माकडची मंडळी, दळणाच्या बायका, आणि ज्यांच्या पाट्या अजून उभ्या होत्या असे दहाबारा बाप. मावशींनी हळद-कुंकवाची वाटी हातात घेतली, आणि तात्या पुढं आले.

"शकूबाई, एक इचारतो. राग मानू नका." "धनूची पाटी आजवर कधी दिसली न्हाय, म्हंजी ती बाणाच्या मागंच हुती. ती हितं आली कशी? आमी बोटं मोजत बसलो आन् घरचा पोरगा एका उडीत हितं?"

बाकीचे बाप मावशींकडे बघायला लागले. ज्या गोष्टीला ती बाई आठ वर्षं भीत होती तीच भर सभेत तिच्यासमोर उभी राहिली होती, आणि ती मी आणली होती. मी मधे पडलो. "तात्या, त्याचं असं आहे, नवीन अपडेट..."

"थांबा, विनायकराव." मावशींनी वाटी खाली ठेवली. "दोनशे त्रेसष्टातली एकच पाटी उचलून बरोबर जाग्यावर ठेवणारं अपडेट असतंय व्हय? तात्या, पाटी ह्यांनी हालवली. मला बघताक्षणी कळलं हुतं. माउस हातात धरला हुता मी, मागं न्यायला. न्हाय नेली. तीन दिस तशीच ठिवली आन् मग ह्यांना फोन करून सोंग केलं. आई हाय, मन झालं न्हाय. माझं चुकलं. ज्यांना आपली पाटी काढून न्यायची त्यांनी आत्ता न्यावी, मी फुली मारून दिती."

माझी नजर पायाच्या अंगठ्यावर. मग रेश्मा, नवी साडी सावरत, सरळ तात्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तात्या, तुमच्या पृथ्वीराजची पाटी आठ दिस माझ्या शेजारीच हुती की. चहाचं इचारलं तर फोन कुणी ठिवला?"

पहिली हसली ती अनिताची आत्या. मग सगळी खोली. तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. पाटी काढून न्यायला कुणीच पुढं आलं नाही.

मावशींनी स्क्रीनला हळद-कुंकू लावलं. मग माउस माझ्याकडं सरकवला. "पाटी तुमी हालवली, आता फुली बी तुमीच मारा."

मी फुली मारली. आधी धनूची, मग रेश्माची. दोन्ही पाट्या गेल्या, आणि टॅबांचा जो साधा स्वभाव असतो, जो मी हजार वेळा प्रोग्राममध्ये लिहिला आणि कधी डोळे उघडून बघितला नव्हता, तो त्या खोलीनं बघितला. मधली जागा रिकामी राहिली नाही. मागच्या सगळ्या पाट्या दोन-दोन घरं डावीकडं सरकल्या, आणि बाणामागच्या दोन बाहेर उजेडात आल्या.

"सरकलं! आमचं सरकलं!" बापांची स्क्रीनसमोर झुंबड उडाली. प्रत्येक जण काचेवर बोटं टेकवून मोजत होता, आणि प्रत्येकाची बोटं हळदीनं पिवळी होत होती. एकदोघांनी तर माझाच हात धरला, "साहेब, आमच्या पाटीला नुसता हात लावा की." मावशी हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. गाल पुन्हा पांढरे.

मी गर्दीतून वाट काढून मागं गेलो. गिरणी बंद होती. नवरदेव, नवा सदरा घालून, एवढ्या माणसांचा चहा करत स्टोव्हपाशी उभा होता. त्याच्या शेजारी तात्या उभे होते, सहा फूट उंचीचे, पिवळी बोटं पाठीमागं लपवून. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "धनू, आलं आदी टाकायचं का पत्ती?"